पोल मोजत समुद्रकाठाने

आम्हां कोकणातल्या माणसांना निरोप द्यायची सवय फार. गणपती आटोपले की चाकरमानी निघतात, मे महिना सरला की पुन्हा निघतात, आणि आपण स्टँडवर उभं राहून नारळ-आमसुलांच्या पिशव्या गाडीत कोंबून देतो. पण त्यात एक सोय असते. जाणारा परत यायचा असतो, घर त्याचं इथेच असतं. आमच्या शेजारच्या दादांचं तसं नव्हतं. ते मुळात इथले नव्हतेच. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडचे, २००१ साली वीज मंडळात लाईनमन म्हणून दापोलीला आले. पहिली चार वर्षं नेमाने बदलीचा अर्ज केला. पाचव्या वर्षी धाकट्याच्या बारशाच्या गडबडीत अर्जाची तारीख हुकली, आणि पुढे अर्ज करायचंच राहून गेलं. मधे २००५ ला मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, तरी आमच्या आळीत ते शेवटपर्यंत 'बोर्डाचे दादा'च राहिले.

यंदा जानेवारीअखेर दादा निवृत्त झाले. गावी आई आहे, ऐंशीच्या पुढची. थोडं शेत आहे, संत्र्याची झाडं आहेत. जायला हवंच होतं. सामानाचा टेम्पो पुढे गेला आणि रिकाम्या भाड्याच्या घरात दादांची बायको, म्हणजे आमची ताई, सतरंजीवर बसून म्हणाली, "चोवीस वर्सं समुद्राच्या उशाशी काढले, पण सारा काठ मी कधी पायलाच नाही व." म्हणून ही चार दिवसांची फेरी. गाडी आमची, चालवणार आमचे हे, आणि वाट दाखवणार दादा. आमच्या तीन पिढ्या दापोलीत गेल्या, पण वाट त्यांनीच दाखवायची, याचं आम्हां कुणालाच नवल वाटलं नाही.

पहिला दिवस : दापोली, मुरुड, हर्णै, आंजर्ले

ठरलं होतं साडेसातला, निघालो साडेनऊला. ताई शेवटच्या क्षणी तुळस, गवती चहा आणि पत्र्याच्या डब्यातला कढीपत्ता गडग्याच्या खिंडीतून आमच्याकडे पोहोचवत होती. (दोन्ही घरांच्या मधल्या चिऱ्याच्या गडग्याला एक खिंड आहे. ती कुणी पाडली यावर दोन्ही घरांत दोन मतं आहेत.) मग दादांनी शिडी आणली. बांबूची, चौदा पायऱ्यांची. ती आमच्या पडवीला लावून ठेवली आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसले.

आसूदच्या वळणांवर पोफळीच्या बागा सुरू झाल्या तशी दादांची खिडकीतून मोजणी सुरू झाली. आपण रस्ता ओळखतो तो देवळावरून, पारावरून, फार तर एखाद्या हॉटेलावरून. दादा ओळखतात पोलावरून. "हा पाय. हा तीन जूनले इथं नव्हता, त्या माडाच्या बुडाशी होता." ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, पण खाली दापोली-मंडणगडला त्याने काय केलं ते आम्ही घराची कौलं उडताना पाहिलेलं आहे. दादा त्या संध्याकाळी बाहेर पडले आणि धड जेवायला बसले ते अकराव्या दिवशी. दुसऱ्या जिल्ह्यांतूनही वायरमनच्या गँगा आल्या होत्या. काही गावांत तरी महिना-महिना काळोख होता.

त्या कामाबद्दल दादा एरवी बोलत नाहीत. आज बोलले. म्हणाले, तार ओढायची तर आधी पोल हवा, पोल उभा करायचा तर वाटेतलं झाड बाजूला करायला हवं, झाडाला करवत हवी, करवतीला पेट्रोल हवं, आणि पेट्रोलपंपाला लाईट हवी. हे वर्तुळ कुठून फोडायचं यातच पहिले दोन दिवस गेले. शेवटी एका गावच्या पोरांनी कोयत्या-कुऱ्हाडींनी रस्ता मोकळा केला, पोल खांद्यावर वाहून नेले. "पगार मले होता, काम त्यांनी केलं," दादा म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

मुरुडला आम्ही थांबलो ते महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून नव्हे, तर ताईला चहा हवा होता म्हणून. किनाऱ्यावर वाळूत गाड्या पळवणारे उत्साही लोक होते. एकाची गाडी रुतली होती आणि भरतीचं पाणी वर सरकत होतं. दरवर्षी एखादा तरी असा असतोच. बैलजोडी आणून ओढून काढायची वेळ येते तेव्हा बैलवाला जो भाव सांगतो, तो ऐकण्यासारखा असतो.

दुपार काढून पाचच्या सुमाराला हर्णै बंदरावर गेलो. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यात लांबवर उभ्या होड्या, आणि उथळ पाण्यातून मासळी भरून किनाऱ्याकडे येणाऱ्या बैलगाड्या. हे दृश्य मी लहानपणापासून पाहतेय, पण लिलावात उभी राहायला ताईने शिकवलं. पहिली तीन वर्षं ती माशाच्या वासाने नाकाला पदर लावायची. मग एका पावसाळ्यात, दादा रात्री-अपरात्री ब्रेकडाऊनला जायचे आणि गावोगावची माणसं 'घरी न्या' म्हणून सुकट-बोंबील बांधून द्यायची, त्या सुकटीची चटणी ताईने वऱ्हाडी ठेच्यासारखी तव्यावर रगडली. ती खाल्ल्यावर आमच्या सासूबाई, ज्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातच्या सुकटीला कधी बरं म्हटलं नाही, वाटी घेऊन पुन्हा गेल्या. तेव्हापासून ताई बाजारात कोळणीशी अशी भांडते की आम्ही दोन पावलं मागे उभं राहतो. आजही भांडली. सौंदाळ्यांचा एक वाटा घेतला, वर चार कोळंब्या उचलून ठेवल्या. कोळीण म्हणाली, "जातेस ना आता? मग घे. पुढल्या वेळी देणार नाय." तिला कसं कळलं होतं कोण जाणे. बंदरावर सगळ्यांनाच सगळं कळतं.

आता जोग नदीवर पूल आहे, त्यामुळे आंजर्ल्याला पाच-दहा मिनिटांत पोहोचतो. पूर्वी तरीतून जायचो. मुक्कामाच्या घरी यजमानांनी वहीत नाव लिहिताना विचारलं, "गाव कुठलं?" दादा म्हणाले, "अमरावती." त्याच क्षणी धाकटा म्हणाला, "दापोली." यजमान पेन धरून थांबले. ताईने सौंदाळ्यांची पिशवी पुढे केली आणि म्हणाली, "ते नंतर लिवा, आधी हे तिरफळ घालून करता काय ते सांगा."

दुसरा दिवस : कड्यावरचा गणपती, केळशी, वेळास

योगायोगाने संकष्टी. ताईचा उपास. सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. सोंड उजवीकडे वळलेली, देऊळ टेकडीवर, खाली माडांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे समुद्र. ताईने काय मागितलं विचारलं तर म्हणाली, "मागतं कोन? पाया पडून सांगितलं, येतो म्हनून." वऱ्हाडात बाईसुद्धा 'येतो' म्हणते. आमच्याकडे 'येते'. पण दोन्हीकडे 'जातो' कुणी म्हणत नाही.

आडे, पाडले करत केळशीला. रस्ता अरुंद, एका बाजूला समुद्र असा चिकटलेला की समोरून एसटी आली तर कुणी मागे जायचं यावर दोन मिनिटं नजरेनेच वाटाघाटी होतात. आंबे मोहोरून गेलेले, कणी धरलेली. काजूच्या झाडाखाली बोंडं पडू लागली होती. यांनी गाडी थांबवून दोन बोंडं उचलली, मीठ नाही म्हणून चरफडत खाल्ली आणि शर्टावर डाग पाडून घेतला. बोंडाचा डाग जात नाही. हे लग्नाआधीपासून सांगत आलेय. दादा कणीकडे बघत म्हणाले, "दोन महिने थांबलो असतो तर आंबा खाऊन गेलो असतो." ताईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे वाक्य महिनाभरात बरेचदा झालं असावं.

केळशीत महालक्ष्मीचं देऊळ पाहिलं, मग दादा आम्हाला एका गल्लीत घेऊन गेले. एका घरासमोर थांबले. दार बंद. शेजारणीने सांगितलं, म्हातारी गेली गेल्या पावसात. वादळानंतर त्या घरात वीज आली तेव्हा म्हातारीने बटणाला हात लावला नव्हता. दादांना आत बोलावून त्यांच्या हातून दिवा लावून घेतला आणि मग निरांजन घेऊन त्यांनाच ओवाळलं. हे दादांनी कधी सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही. ती तिथेच रस्त्यात उभी राहून म्हणाली, "मले काऊन नाही सांगितलं?" दादा म्हणाले, "तू हसली असती."

वेळासला पोहोचेपर्यंत ऊन उतरलं. हे नाना फडणविसांचं गाव, पण हल्ली लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूत येते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते, मागे वळून बघत नाही. पूर्वी अंडी माणसं खणून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. घरटं सापडलं की अंडी काढून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात, तारीख लिहितात, आणि पन्नासेक दिवस वाट पाहतात. वर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. संध्याकाळी टोपली उचलली. काही नव्हतं. दुसरी उचलली, काही नव्हतं. दूरवरून आलेली मंडळी नाराज झाली. एक गृहस्थ 'पैसे भरलेत' म्हणू लागले, जणू कासवांकडे पावती पाठवायची होती.

रात्री चंद्रोदय उशिरा. यजमानीणबाईंनी आपणहून मोदकांची उकड काढली होती. ताई पाऱ्या करायला बसली. चोवीस वर्षांत तिचे मोदक एकदाही धड उकडले नाहीत, फुटतातच. आजही एकवीसमधले सहा फुटले. ते सहा तिने आपल्या ताटात घेतले. अंगणात जाऊन चंद्राला अर्घ्य दिलं, मग सगळे जेवलो. मी मोदकावर तूप वाढताना बोलू नये ते बोलून गेले, की पुढल्या संकष्टीला कोण असेल. तर म्हणाली, "कायले रडता व ताई, मी का मरून रायली काय?" (ती मला ताई म्हणते, मी तिला ताई. कोण मोठी याचा निकाल अजून लागलेला नाही.)

तिसरा दिवस : वेळास ते गुहागर

पहाटे अंधारात पुन्हा किनाऱ्यावर. टोपली उचलली आणि वाळूतून चार काळी पिल्लं, पेढ्याएवढी. दोरीच्या मागे सगळे गप्प. पाण्यापासून काही अंतरावर सोडतात, आपल्या पायांनी जाऊ देतात. त्यांतलं एक सारखं उलट्या दिशेला, माणसांकडे वळत होतं. कार्यकर्त्याने सांगितलं, उजेडाकडे ओढ असते, म्हणून टॉर्च-मोबाइल बंद ठेवा, किनाऱ्यावरचे दिवेसुद्धा त्यांना चकवतात. दादांनी गावाच्या बाजूला पाहिलं. कुठे एक दिवा लागलेला होता. "हे पहिल्यांदा झालं," ते हळूच म्हणाले, "का मले दिवा बंद करावासा वाटला."

मग लांबची गाडी. वेळास, मंडणगड, दापोली, दाभोळ. दापोलीतून जाताना आमच्याच आळीवरून जावं लागतं. यांनी गाडी हळू केली. घराला कुलूप होतं, पडवीला शिडी होती. कुणी उतरलं नाही. धाकटा म्हणाला, "काका, चला ना." गेलो.

दाभोळला चंडिकेच्या गुहेत वाकून आत जावं लागतं. आत समयांचाच उजेड. दादा वाकले, आत गेले, नमस्कार केला, सवयीने छताकडे पाहिलं. बाहेर येऊन म्हणाले, "ही एकच देवी जिनं आपल्याले कधी फोन नाही केला."

गाड्या खाडीपार नेणाऱ्या जंगलजेटीला ही रांग. शनिवार-रविवारचे मुंबई-पुणेवाले. २००३ साली ही फेरी सुरू झाली तेव्हापासून दापोली आणि गुहागर हे दोन तालुके एकमेकांना दिसतात तसे जवळ आले. नाहीतर खाडीला वळसा घालून चिपळूणवरून जायचं म्हणजे दिवस मोडायचा. गाडी चढवली, आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. वाशिष्ठीच्या मुखातून बोट आडवी निघाली आणि समोर वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसू लागल्या. त्याला जग दाभोळ प्रकल्प म्हणतं, एन्रॉनमुळे. प्रकल्प आहे मात्र खाडीपल्याड, गुहागर तालुक्यात अंजनवेल-रानवीच्या बाजूला. नाव एकाचं, जमीन दुसऱ्याची.

दादा कठड्याला धरून उभे होते. ते दापोलीला आले त्याच वर्षी, २००१ मध्ये, तो प्रकल्प बंद पडला होता. दराच्या भांडणात आधी वीज घेणं थांबलं, मग वर्षअखेरीस अमेरिकेत एन्रॉन कंपनीच बुडाली. नवीन कंपनी येऊन तो पुन्हा उभा राहायला पुढे काही वर्षं गेली. दादा म्हणाले, "मी गावाले पत्र लिवलं होतं, इथं इतका मोठा कारखाना हाय का पुऱ्या महाराष्ट्राले पुरन. अन् त्याच रात्री कंदील लावून ते पत्र पुरं केलं." सांगताना ते हसत होते. पण मग बराच वेळ बोलले ते मिठाबद्दल. समुद्रावरून येणारा वारा मीठ आणतो, ते चिनी मातीच्या इन्सुलेटरवर साचतं, उन्हाळाभर काही होत नाही. पहिला बारीक पाऊस पडला की तेच मीठ ओलं होतं आणि रात्री पोलावर निळ्या ठिणग्या तडतडतात. मोठ्या पावसाने धुऊन जातं. भीती असते ती बारीक पावसाची. "तिकडं हे नाही. तिकडं वारा कोरडा," ते म्हणाले. मग बोट लागली, गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, सुरूच्या झाडीतून चालणं, आणि थकून झोप.

चौथा दिवस : हेदवी

हेदवीच्या दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन बामणघळ बघायला गेलो. कातळातली ती चीर, भरतीच्या वेळी लाट आत घुसली की पाणी उसळून उंच उडतं. आम्ही साडेदहाला पोहोचलो आणि घळीत पाणी कसलं, खेकडे फिरत होते. यांचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण हट्ट यांचाच होता. धाकटा म्हणाला, "काका, आज तिथी काय? षष्ठी. साहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे भरती साडेचारला, ओहोटी आत्ता. आजीनेच शिकवलंय." आजी म्हणजे माझ्या सासूबाई. पोटच्या मुलाला जे आलं नाही, ते शेजारच्या मुलाला पाठ होतं. साडेचारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, संध्याकाळी परतायचं होतं. तरी अर्धा तास कोरड्या घळीशी बसून राहिलो. निघूया असं कुणी म्हणेना.

पाचवा दिवस : खेड

सकाळी पिशव्या भरल्या. आगळाच्या दोन बाटल्या, आमसुलं, कुळथाचं पीठ, तांदळाचं पीठ, आठळ्या. ताईने आमसुलांचा डबा उघडून वास घेतला आणि पुन्हा बंद केला. तिने मला वाळवलेल्या मिरच्यांची पिशवी दिली, 'ठेच्याले' म्हणून.

खेड स्टेशनला गाडी दोन मिनिटंच थांबते, त्यामुळे रडायला वेळ मिळत नाही, हा एक फायदा. गाडी ठाण्यापर्यंत, तिथून रात्रीची अमरावती एक्सप्रेस. दादा डब्यात चढले आणि दारातून म्हणाले, "शिडीची तिसरी पायरी वरतून ढिली हाय, बांधून घ्या." यांनी मान डोलावली. मी काय म्हणाले ते मला आठवत नाही.

घरी आलो. शेजारच्या अंगणात पानं पडली होती, ती झाडली.

रात्री दहाला लाईट गेली. हे अंधारात पडवीत आले आणि गडग्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, "ओ दादा!" मग गप्प झाले. मी मोबाइल लावला.

"दादा, लाईट गेलीय."

"आता मले काय इचारता, १९१२ ले फोन करा." मागे गाडीचा खडखडाट. मग थोडं थांबून, "समोरच्यांच्या घरी हाय काय?"

"नाही."

"खालच्या आळीत?"

यांनी गडग्यावर चढून पाहिलं. "नाही."

"मंग डीपी नाही, फीडर हाय. पाऊण तास लागन. मेणबत्ती..." आणि फोन तुटला. कसाऱ्याचा घाट असावा.

लाईट पंचवीस मिनिटांत आली. फोन पुन्हा लागेना, कळवायचं राहिलं. सकाळी सातला त्यांचाच फोन आला, बडनेऱ्याहून. कसे पोहोचलो, आई कशी, काही नाही. पहिलंच वाक्य,

"आली काय?"